पाटे नवे, गाडी तिरकी

गॅरेजातून गाडी बाहेर निघाली की मालक दहा पावले मागे जाऊन तिच्याकडे पाहतोच. मागचे दोन्ही पाटे नवे टाकलेले आहेत, त्यांचा काळा रंग अजून बोटाला लागतो आहे, बिल खिशात आहे. आणि नेमकी तेव्हाच हौद्याची डावी कड खाली गेलेली दिसते. मालक मान वाकडी करून पाहतो, चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बोटे घालून पाहतो. एका बाजूला चार बोटे मावतात, दुसऱ्या बाजूला तीन. मिस्त्री फडक्याला हात पुसत येतो. "शेठ, नवा माल आहे. दोन दिवस चालवा, आपोआप बसेल." दोन दिवसांनी गाडी पुन्हा दारात उभी, तशीच तिरकी. मग मिस्त्री खालच्या बाजूला ॲक्सल आणि पाटा यांच्या मधे लोखंडाची एक पट्टी सरकवतो. गॅरेजच्या भाषेत हे 'पॅकिंग'. हौदा सरळ दिसू लागतो, मालक खूश होतो, मिस्त्री मोकळा होतो.

पट्टी स्वतः निरुपद्रवी आहे. योग्य जाडीची, सेंटर बोल्टसाठी भोक पाडलेली, एकच पट्टी असेल तर गाडी तिच्यावर वर्षानुवर्षे बिनघोर चालते. हरकत आहे ती क्रमाला. खिशातून मोजपट्टी निघण्याआधी कपाटातून पॅकिंग निघते, आणि एकदा ते बसले की गाडी मुळात का कलली होती हे शोधण्याची कुणाला गरजही वाटत नाही.

टाटा एस 2005 साली बाजारात आली, पाऊण टन माल नेणारी. 'छोटा हत्ती' हे नाव तिला चिकटले ते कायमचे. तिच्याहून दणकट बोलेरो पिकअप तर आज प्रत्येक तालुक्याच्या गावात दिसते. नारायणगावचा टोमॅटो आणि लासलगावचा कांदा हलतो तो बऱ्याच अंशी अशाच गाड्यांच्या जोरावर. या गाडीचा मालक अनेकदा तिचा चालकही असतो आणि हप्ताही तोच भरतो. गाडी एक दिवस गॅरेजात राहिली की एक खेप बुडाली. पट्टीचा मोह त्यामुळे समजण्यासारखा आहे. समजण्यासारखा असला तरी तो महागात पडतो.

आधी या पाट्यांची ओळख करून घेतलेली बरी. मोटारगाडीला बहुधा वेटोळ्यांची स्प्रिंग असते. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीवरच्या ब्रॅकेटमध्ये पक्का, मागचा शॅकलमध्ये, म्हणजे झुलत्या कडीत. कारण भार पडला की कमान सपाट होते आणि लांबते, त्या लांबीला सरकायला जागा हवी. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्या पाट्यांना ओवून ठेवतो आणि त्याचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते. वरून यू बोल्ट सगळे आवळून धरतात. झाले. यात एकही तार नाही, सेन्सर नाही. दिवसभरात बदलून होणारे काम, आणि म्हणूनच बहुधा ते मापाशिवाय होते.

रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम 1678 साली छापला. भार जितका वाढेल तितकी स्प्रिंग दबेल, हे आठवीनववीच्या मुलालाही ठाऊक असते. पाट्याची पुढची गोष्ट मात्र शाळेत सांगायची राहून जाते. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 7 मिलिमीटर जाडीच्या पाट्याजागी 8 मिलिमीटरचा टाकला तर डोळ्याला काहीच कळत नाही, पण तो एक पाटा जवळजवळ दीडपट कडक झालेला असतो. भंगार बाजारातून 'अगदी तसाच' म्हणून आणलेल्या पाट्याला त्यामुळे कॅलिपर लावायला हवा. 'तसाच' हा शब्द एका मिलिमीटरने खोटा ठरू शकतो.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणून तिचा हिशेब मांडू. आकडे सोयीचे धरले आहेत, पण कुठल्याही पिकअपपासून फार लांबचे नाहीत. हौद्याची रुंदी 1.7 मीटर, दोन बाजूंच्या पाट्यांमधले अंतर 1 मीटर. दोन्ही मागचे पाटे नवे. गाडी गॅरेजसमोर रस्त्याच्या कडेला उभी आहे. मालकाने सुताराची लेव्हल फाळक्यावर आडवी ठेवली आणि पाहिले, तर बुडबुडा मधे यायला डावी कड 72 मिलिमीटर उचलावी लागते. सात सेंटिमीटर! मिस्त्रीला शिव्या द्यायला एवढे पुरेसे आहे.

पण गाडी उभी आहे कशावर? डांबरी रस्ता मधे उंच ठेवून दोन्ही कडांना उतरता बांधतात, पाणी वाहून जावे म्हणून. आपल्याकडे हा उतार साधारण 2 ते 2.5 टक्के असतो. अडीच टक्क्यांनी 1.7 मीटर रुंदीवर 42 मिलिमीटर होतात. आपण डावीकडून चालतो आणि डाव्या कडेलाच गाडी लावतो, तेव्हा कडेला लावलेल्या गाड्या डावीकडे झुकलेल्या दिसतात यात नवल नाही. मालकाच्या तक्रारीतला अर्ध्याहून मोठा भाग रस्ता बांधणाऱ्याने पावसाचा विचार करून मुद्दाम बांधलेला आहे.

गाडी सपाट फरशीवर घ्यावी. गॅरेजची फरशी सपाट आहे, हे मिस्त्रीचे म्हणणे ऐकून सोडून द्यावे आणि गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी मागवावी. दोन टोके दोन चाकांपाशी धरली की खरे काय ते दिसते. फरशीच्या धुलाईचे पाणी जिकडे धावते तिकडे उतार असणारच. सपाट जागा सापडली की आपल्या गाडीच्या 72 मधले 42 गेले, उरले 30. मग टायर. डाव्या मागच्या टायरात हवा कमी असेल आणि तो उजव्यापेक्षा 5 मिलिमीटर जास्त दबलेला असेल, तर हौद्याच्या कडेला त्याचे सहाएक होतात. हवा सारखी केली. उरले 24.

हे 24 कुठे शोधायचे? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. पाटे चाकांच्याही आत असतात आणि हौदा चाकांच्या बाहेर असतो. पाट्यापाशी 14 मिलिमीटरचा फरक पडला की 1.7 मीटर रुंदीच्या कडेला तो 24 होऊन दिसतो. कडेला दिसले म्हणून 24 ची पट्टी घातली, तर गाडी उजवीकडे पडते आणि कडेला 17 मिलिमीटरचा नवा फरक उभा राहतो. मग दुसऱ्या बाजूलाही पट्टी. अशा दोन्ही अंगांनी पट्ट्या घातलेल्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत.

म्हणून मोजायचे ते ॲक्सलपासून चासीपर्यंत, दोन्ही बाजूंना एकाच जागी. हौद्यावर विश्वास ठेवू नये. अनेक हौदे गावातल्या बॉडीवाल्याने बांधलेले असतात, चासी आणि हौदा यांच्या मधे लाकडी फळ्या असतात, आणि एक फळी कुजली की हौदा कलतो; पाटे बिचारे जिथल्या तिथे असतात. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे करावी, हौद्यात दोघांनी उभे राहून दोनचार उड्या माराव्यात. पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणामुळे गाडी जिथे शेवटी थांबली तिथे अडकून राहते. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी मोजणे म्हणजे धापा टाकत आलेल्या माणसाची नाडी पाहणे.

आपल्या गाडीत आता पाट्यापाशी 14 मिलिमीटर आहेत, डावी बाजू खाली. पाटे दोन्ही नवे. मग चूक कुणाची?

बहुतेक वेळा शंका पाट्यावर जाते. आधी जायला हवी ती रबरी बुशवर. मेन पाट्याच्या डोळ्यात रबराचा बुश असतो आणि त्यातून बोल्ट जातो. बोल्ट घट्ट आवळला की बुशची आतली नळी ब्रॅकेटला जखडली जाते. नंतर पाटा हलतो तेव्हा ती नळी फिरत नाही, मधले रबर पिळवटते. आता कल्पना करावी की गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उचललेली आहे, चाके अधांतरी आहेत, पाटा खाली लोंबतो आहे, आणि त्याच अवस्थेत मिस्त्रीने बोल्ट पूर्ण आवळून टाकला. गाडी खाली उतरली, पाटा दबला आणि रबर पिळले गेले. पिळलेले रबर स्वतःच एक स्प्रिंग होते आणि चासीला वर ढकलत राहते. दोन्ही बाजूंचे बोल्ट असे आवळले तर गाडी दोन्हीकडे सारखीच उंच राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रबर मात्र लवकर फाटते. एक बाजू वर असताना आवळली आणि दुसरी, मधे चहा आला म्हणून, गाडी खाली उतरवल्यावर आवळली, की गाडी तिरकी.

याचा उपाय फुकट आहे. गाडी चाकांवर उभी करायची, डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट सैल करायचे, गाडी पुढे-मागे ढकलायची, हौदा दाबून हलवायचा आणि चाकांवर भार असतानाच बोल्ट पुन्हा आवळायचे. अर्ध्या तासाचे काम. पिकअपचे पाटे बदलणाऱ्या अनेक हातांना ही गोष्ट माहीत नसण्याचे एक कारण असे दिसते की ते हात मोठ्या ट्रकवर बसलेले असतात. जुन्या ट्रकच्या डोळ्यात गनमेटलचा बुश आणि ग्रीस पाजलेली पिन असते. ती कुठल्याही अवस्थेत आवळली तरी पिन फिरतच राहते, पिळवटायला तिथे रबरच नसते. ट्रकवर बरोबर असलेली सवय पिकअपवर चुकते. वस्ताद तोच, हात तोच.

आपल्या गाडीत समजा यातून 8 मिलिमीटर सुटले. उरलेल्या सहांकडे नंतर येऊ, कारण सगळ्या गाड्या इतक्या गुणी नसतात.

बुश सैल करूनही फरक हलत नसेल, तर गाडी पुढून कलते आहे की मागून, हे ठरवावे लागते. चार पायांचे टेबल डुगडुगते, तीन पायांची तिवई कधीच डुगडुगत नाही. ही परीक्षा त्याच न्यायावर चालते. पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाके जेमतेम हलकी करायची. आता गाडीला पुढे एकच पाय आहे आणि मागे दोन. पुढच्या स्प्रिंगांना तिला डावीकडे-उजवीकडे झुकवण्याचा अधिकार उरलेला नाही. तरीही गाडी तिरकी असेल तर दोष मागे. सरळ झाली तर इतके दिवस मागचे पाटे उगाच बदनाम होत होते आणि पुढची थकलेली स्प्रिंग कोपऱ्यात गप्प उभी होती. हे करताना मागच्या चाकांना दगड, दोन्ही बाजूंना थोड्या खाली घोड्या, आणि गाडीखाली कुणीही झोपायचे नाही.

दोष मागेच निघाला, तर दोन्ही पाटे आपसात बदलून पाहावेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. झुकाव पाट्याबरोबर बाजू बदलून गेला तर पाटा दोषी. तिथेच राहिला तर बैठक, ब्रॅकेट किंवा चासी. अर्थात दोन्ही बाजूंचे पाटे एकाच मापाचे आहेत ना, हे आधी पाहिलेले हवे. सगळ्या गाड्यांत ते तसे नसतात. उजवीकडे चालक बसतो, डिझेलची टाकी एका अंगाला असते, आणि 60 लिटर डिझेलचे वजन पन्नासएक किलो भरते. अमेरिकेत टोयोटाच्या टकोमा पिकअपच्या मालकांनी तर गाडीच्या डावीकडे झुकण्याला 'टॅको लीन' असे लाडके नाव देऊन टाकले आहे. तिकडे चालक डावीकडे बसतो, आणि पुढच्या स्प्रिंगवर पातळ चकती टाकून तो झुकाव काढणे हा तिथला नेहमीचा उपाय आहे.

आणखी एक परीक्षा आहे, आणि तिला जॅकही लागत नाही. गाडी रिकामी मोजायची आणि भरून मोजायची. रिकामी असताना 14 चा फरक आणि भरल्यावरही 14 च, तर दोन्ही पाटे सारखेच कडक आहेत. फक्त एकाची कमान जास्त वाकवलेली आहे किंवा बैठकीवर काहीतरी जाड-बारीक आहे. भार वाढेल तसा फरकही वाढत गेला, तर कडकपणातच फरक आहे. कुठल्या तरी बाजूला एक पाटा जास्त, किंवा एखादा पाटा जाड. हूकचे ते जुने वाक्य इथे बाजाराच्या वजनकाट्यावर तपासून घेता येते. माल मात्र मध्यावर रचलेला हवा. बैलगाडी उलार झाली की शेतकऱ्याला दोष भरण्यात आहे हे लगेच कळते, तीच नजर इथे हवी. एका बाजूला आठ क्रेट जास्त रचून पाट्याला बोलण्यात अर्थ नाही.

बाकीची कारणे पाहिली की दिसतात. सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात न बसता काठावरच चढून राहते आणि यू बोल्ट त्याला तसेच दाबून धरतात; अशी गाडी कलतेही आणि तिचा ॲक्सलही तिरपा बसतो. बैठकीवर आधीच्या मिस्त्रीची विसरलेली पट्टी सापडते. ब्रॅकेटला तडा गेलेला असतो. सेंटर बोल्ट पाट्याच्या बरोबर मध्यावर नसेल, तर पाटा पुढचा मागे असा उलटा बसवला जातो.

यू बोल्टबद्दल दोन शब्द जास्त. पाटा मोडतो तो वरचेवर मध्यावर, सेंटर बोल्टच्या भोकापाशी. कारण यू बोल्ट सैल झाले की ज्या भागाने मुळीच वाकायचे नाही तो वाकू लागतो, आणि भोकापाशी पोलाद आधीच कमजोर असते. म्हणजे मध्यावर मोडलेला पाटा हा यू बोल्टने लिहिलेला जबाब असतो. तरीही जुनेच यू बोल्ट घासून-पुसून परत लावले जातात. एकदा ताणले गेलेले, आट्या झिजलेले यू बोल्ट नव्या पाट्यावर वापरणे ही काटकसर खोटी आहे. आणि नवे टाकले तरी काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड ढिली होते. "बसेल दोन दिवसांत" हे मिस्त्रीचे वाक्य एवढ्यापुरते खरे आहे. पाटे बसतात. पण दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच बसतात. 14 मिलिमीटरचा फरक काही त्यातून जिरत नाही.

सगळ्यात जास्त तिरक्या गाड्या मात्र वरच्या कुठल्याच कारणाने झालेल्या नसाव्यात. एका बाजूचा पाटा मोडला, तेवढाच नवा टाकला, हे त्यांचे साधे कारण. दुसऱ्या बाजूचा पाटा मोडलेला नसतो, पण घाट चढून-उतरून त्याची कमान बसलेली असते. गाडी जुन्या पाट्याकडे कलते. पैसे वाचवण्यासाठी मग दुसरा मार्ग निघतो: जुना पाटा उतरवून, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा बाक द्यायचा. घाई असेल तर भट्टीत लाल करून. इथे लोहाराचा शब्द आठवावा. कोयत्याला, विळ्याला आपण 'पाणी देतो'. पाट्याच्या पोलादालाही कारखान्यात असेच पाणी दिलेले असते: साधारण 850 ते 900 अंश सेल्सियसला तापवून, तेलात बुडवून, पुन्हा बेताने तापवून. रस्त्याकडेच्या भट्टीत तो लाल झाला आणि हवेत निवला की पाणी उतरले. बाक सुंदर येतो, महिनाभर टिकतो आणि माल भरला की पुन्हा सपाट. पाटे जोडीनेच बदलावेत, हे म्हणणे दुकानदाराच्या फायद्याचे वाटते खरे. पण इथे दुकानदाराचे हित आणि गाडीचे हित योगायोगाने एकाच बाजूला आहेत.

काही मालक याच्या उलट टोकाला जातात. तिरकेपणही जाईल आणि माल जास्त बसेल, म्हणून दोन्हीकडे एकेक जादा पाटा टाकून घेतात. गाडी मागून उंच होते, रुबाबदार दिसते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक छोटी दांडी गेलेली असते. ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. हौदा खाली दबला की त्या व्हॉल्व्हला कळते, गाडी भरलेली आहे, मागच्या चाकांना ब्रेकचा जोर जास्त हवा. हौदा वर असला की तो समजतो, गाडी रिकामी आहे, जोर कमी देऊ, नाहीतर मागची चाके घसरतील. जादा पाट्याने गाडी उंच ठेवली की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामीच वाटते. दांडीचे माप पुन्हा लावून घेतले नाही, तर माळशेजच्या उतारावर पूर्ण माल घेऊन निघालेल्या गाडीच्या मागच्या चाकांना रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. शिवाय मागून उंच झालेल्या गाडीचे हेडलाइट रस्त्याच्या जवळ पडतात आणि लांबचे दिसत नाही. पॅकिंगचेही हेच: 14 ची पट्टी घालताना ती दांडी कुठल्या बाजूला आहे हे कोण पाहतो?

आणि जादा पाटा टाकल्याने कागदावरची क्षमता वाढत नाही. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने जादा मालाचा दंड 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार रुपये ठेवला आहे. दीड टनाच्या गाडीत 20 किलोचे क्रेट 75 बसतात. शंभर भरले की अर्धा टन जादा. पाटा तक्रार करत नाही, फक्त बसतो.

एवढे सगळे वाचून मिस्त्रीवर तोंडसुख घेणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. मालक सकाळी गाडी टाकतो, "संध्याकाळी भरायची आहे, मिस्त्री," असे सांगतो, एकाच बाजूच्या पाट्याचे पैसे देतो आणि यू बोल्टच्या पैशांवर घासाघीस करतो. मोजण्याचे पैसे तर कुणीच देत नाही. बिलावर 'तपासणी' लिहिले की भांडण. मालकाला मोजमापाची किंमत वाटत नाही तोवर मिस्त्री मोजमाप करणार नाही, हा सरळ व्यवहार आहे. त्यातही कामाआधी मोजलेले नसेल, तर गाडी पूर्वीपासूनच तिरकी होती की नव्या पाट्यांनी झाली, हे देवालाही सांगता येणार नाही. नवे काम झाल्यावरच माणूस गाडीकडे निरखून पाहतो. कित्येक गाड्या वर्षभर कललेल्या असतात आणि त्यांचा शोध लागतो पाटे बदलल्याच्या दिवशी.

त्यामुळे मागणी फार लहान आहे. पाट्याचे काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजने चार आकडे कामाआधी आणि चार कामानंतर बिलाच्या पाठीवर लिहावेत: चारही चाकांपाशी ॲक्सल ते चासी, मिलिमीटरमध्ये. टेप तीस रुपयांचा असो की तीनशेचा. मालकाने ते आकडे नसलेले बिल घेऊ नये. माल वाहणाऱ्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस तपासणीला जावेच लागते. तिथे हेच चार आकडे नोंदले गेले तर पुढच्या तपासणीच्या वेळी कुठला पाटा किती बसला हे नुसते कागद शेजारी ठेवून दिसेल. आणि सुटे भाग विकणाऱ्यांनी पाट्याच्या संचावर बाजू, पाट्यांची संख्या आणि जाडी ठळक छापावी. काउंटरवर 'अमक्या गाडीचा मागचा पाटा द्या' एवढ्यावर आज जो सौदा होतो, त्यात एका मिलिमीटरला जागाच नसते.

राहता राहिले आपल्या गाडीचे सहा मिलिमीटर. बुश सैल करून आवळले, हवा सारखी केली, गाडी सपाट फरशीवर आहे, आणि डावी बाजू पाट्यापाशी अजून सहाने खाली. मिस्त्रीचा हात कपाटाकडे जातो. सहाची पट्टी त्याच्याकडे तयार आहे. ती आज घालू नये. पाटे अजून बसायचे आहेत, यू बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. आज आकडे शटरवर खडूने लिहून ठेवावेत, गाडी भरायला पाठवावी, आणि वाशीच्या दोन खेपा झाल्या की परत बोलवावी. तेव्हाही सहाच निघाले तर पट्टी खुशाल घालावी, भोक पाडून, एकच, आणि यू बोल्टची लांबी पुरते ना ते पाहून. मधल्या काळात चालक उजव्या दारातून चढून बसला की त्याच्या वजनाने दोनएक मिलिमीटर तसेही भरून निघतात. तो जाडजूड असेल तर तीन.